गिऱ्हाईक अडाणीच बरं

‘काका, सोळा जीबी रॅम आहे, डोळे झाकून घ्या!’ मोबाइलच्या दुकानातलं हे वाक्य मला फार आवडतं. डोळे उघडे ठेवून खोकं वाचलं, तर तिथे ‘८+८’ असं छापलेलं असतं आणि त्यातले दुसरे आठ रॅमचे नसतातच. तुमचे फोटो, व्हिडिओ जिथे पडून असतात त्या स्टोरेजचा एक तुकडा कापून त्यावर रॅमची पाटी लावलेली असते. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे कोठीची खोली. कोठीत पोळपाट मांडला म्हणून ओटा लांब होत नाही. फोनमधलं स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पटींनी मंद असतं. रॅम अपुरी पडली की स्टोरेजचा आधार घेण्याची युक्ती कॉम्प्युटर कित्येक दशकं वापरत आले आहेत, त्यात लबाडी काही नाही. लबाडी आहे ती दोन्हींची बेरीज करून तो आकडा किमतीच्या डोक्यावर छापण्यात.

इंटरनेटचंही तेच. ‘१०० एमबीपीएस’चं कनेक्शन घेतलेला माणूस फाइल उतरवतो, पडद्यावर सेकंदाला जेमतेम बारा एमबी दिसतात आणि तो कंपनीला शिव्या घालतो. वेग विकला जातो बिटमध्ये, फाइल मोजली जाते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागा, साडेबारा येतात. एवढा भागाकार जाहिरातीत करून दाखवायला कुणाचे हात मोडले होते? पण साडेबारापेक्षा शंभर ऐटदार दिसतात. वर ‘पर्यंत’ हा शब्द मुंगीच्या अक्षरात.

एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी का दाखवते? बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. या दुसऱ्या मापाला १९९८ साली ‘गिबीबाइट’ असं वेगळं नाव मिळालं, तरी विंडोज अजून जीबीच लिहितं. गोंधळ गिऱ्हाइकाने निस्तरावा.

आणि आमचे शिकवणारे? ‘रॅमचं पूर्ण रूप सांगा, एक गुण.’ पोरं घडाघडा म्हणतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. पण समोरच्या मशीनची रॅम आत्ता किती भरली आहे ते कुठे बघायचं, हे विचारा की वर्ग चिडीचूप. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथे मेमरी बघा. कॉम्प्युटर रखडतो म्हणून नवा घ्यायला निघालेल्याने आधी हे करावं. एखाद्या वेळी ब्राउझरचे चाळीस टॅब बंद केले की काम भागतं, पण असा सल्ला देऊन दुकान चालत नाही.

तरीही लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर रॅम नंतर वाढवता येते का, ते विचारा. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते. ‘बघू की, नंतर टाकून देऊ’ असं उत्तर आलं, तर ते बिलावर लिहून मागा.