समजून घ्या : मोठं मूल अजूनही अंथरूण ओलं करतंय? रागावण्याआधी कारण शोधा

मुक्कामी सहल नको, मामाच्या गावी राहणं नको, वसतिगृह तर नकोच. आठ-दहा वर्षांचं मूल असं म्हणतं, तेव्हा घरच्यांना कारण ठाऊक असतं. पण लाजेपोटी ते डॉक्टरांना सांगितलं जात नाही. झोपेत अंथरूण ओलं होणं हा आळस नाही, हट्ट नाही आणि वळण न लावल्याचा परिणामही नाही. या तक्रारीवर उपचार आहेत.

किती मुलांना हा त्रास असतो?
पाच वर्षांच्या आत हे स्वाभाविक मानलं जातं. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के, तर दहाव्या वर्षी सुमारे ५ टक्के मुलांना हा त्रास असतो. म्हणजे पाचवीच्या ४० मुलांच्या वर्गात साधारण दोघं. दोघांनाही वाटतं, आपण एकटेच आहोत.

असं का होतं?
रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवतं. काही मुलांमध्ये ते रात्री पुरेसं वाढत नाही. काहींच्या मूत्राशयात कमी लघवी मावते. त्यात मूत्राशय भरल्याचा निरोप मिळूनही झोपलेला मेंदू जागा होत नाही. बद्धकोष्ठतेमुळेही मूत्राशयावर दाब येतो.

आनुवंशिकता मोठी आहे. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७ टक्के. त्यामुळे चिडणाऱ्या बाबांनी आधी आजीला विचारून पाहावं.

घरी काय कराल?
पाणी तोडू नका. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. शाळेचं स्वच्छतागृह टाळायचं म्हणून अनेक मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी तहान भागवतात. हे उलटं करा. सकाळ-दुपार भरपूर पाणी, संध्याकाळनंतर बेतानं. रात्री चहा-कोला नको. झोपण्याआधी लघवीला पाठवा.

उपचार कोणते?
पहिला अलार्म. चड्डीला लावलेल्या सेन्सरला ओल लागली की सर्किट पूर्ण होऊन तो वाजतो. सुरुवातीला मूल उठत नाही, पालकांनीच उठवायचं. दोन-तीन महिने नेटानं वापरल्यास बहुतेक मुलांना फायदा होतो. दुसरा, डेस्मोप्रेसिन हे औषध. ते लवकर काम करतं, पण बंद केल्यावर त्रास परतू शकतो. गोळी घेतल्यावर रात्रभर पाणी मर्यादित ठेवावं लागतं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या घटतं. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको.

डॉक्टरांकडे लगेच कधी?
सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, दिवसाही कपडे ओले होतात, लघवीला जळजळ आहे किंवा मूल जोरात घोरतं, तर थांबू नका. खूप तहान लागून वजन घटत असेल तर मधुमेहाची तपासणी त्याच दिवशी करा. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स, कुठल्याही बालरोग विभागात हा विषय मोकळेपणानं काढता येतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई केली. वर्गात जे चालत नाही, ते ओल्या गादीवरून घरात का चालावं? झोपेत घडलेल्या गोष्टीची शिक्षा जागेपणी देऊन मूल बरं होत नाही. ते फक्त लपवायला शिकतं.