खाते आपले, चावी कोणाकडे?



गेल्या वर्षी एका सकाळी आमच्या वस्तीच्या वाचनालयाचे पान फोनवरून नाहीसे झाले. सहा वर्षांचे जयंतीचे फोटो, मुलांच्या निकालाच्या याद्या, सारे गेले. कोणी बंद केले, का केले, विचारायला खिडकीच नाही. आमच्या कचेरीत निदान आवक-जावक बारनिशी तरी असते!

ही तक्रार आमची एकट्याची नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर दलित-बहुजनांशी भेदभाव होतो, अशी ओरड देशभर झाली. त्याच सुमारास ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद झाले होते. नाझी सलामीला हात न उचलणाऱ्या जर्मन कामगाराचे छायाचित्र लावल्यावरून आधी अडवले होते. तेव्हा बरेच जण ‘मॅस्टोडॉन’कडे गेले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये एलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटरच विकत घेतले. लोकांचे बोलणेही त्या सौद्यात गेले.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोच्को या तरुणाने काढले. त्याला एक मालक नाही. कोणत्याही मंडळाने संगणक भाड्याने घेऊन आपले केंद्र चालवावे. कुर्ल्याच्या पोस्टात टाकलेले पत्र नागपूरचे पोस्ट वाटते ना? पोस्टमास्तर वेगळे, नियम एक, तसेच हे. जाहिराती नाहीत, कोणाचे लिखाण वर चढवायचे हे कंपनीचे यंत्र ठरवत नाही. केंद्रचालक पटला नाही तर बिऱ्हाड हलवता येते, वाचणारे सोबत येतात. जुने लिखाण मात्र मागेच राहते. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तोही दुसऱ्यांच्या पत्रांत आपल्याला जागा नव्हती म्हणूनच.

पण भुलू नका. भाडे, देखभाल, रात्री कोणी घाण लिहिली तर ती काढणे, हे सारे आपल्याच अंगावर. शिवाय नातेवाईक जुन्याच ठिकाणी; मावशीच्या नातवाचा फोटो तिथेच येणार. ते सोडा, असे मी म्हणणार नाही.

मंडळाच्या बैठकीत विषय काढला. घरटी दहा रुपये वर्गणीला सर्वांचा होकार. देखभाल कोण करणार म्हटल्यावर सगळे पंख्याकडे बघू लागले. शेवटी शिवणकाम करणारी, दहावीनंतर शाळा सुटलेली वस्तीतली एक सून म्हणाली, “भाऊ, मला शिकवा, मी बघते.”

शिकवणारा शोधतो आहे. तोवर जे फोटो लोकांच्या फोनमध्ये उरले होते, ते गोळा करून पेनड्राइव्हमध्ये घातले आहेत. पेनड्राइव्ह विहाराच्या कपाटात आहे, चावी तिच्याकडे.