धोक्याची कळ आणि पासवर्डची चिठ्ठी



बंगळुरू हे संगणकाचे शहर. टपाल बचत बँकेच्या काउंटरवरचे फिनॅकलसुद्धा इथल्याच इन्फोसिस कंपनीचे. बाहेरच्या लोकांना वाटते, आता सगळे यंत्रच करते. पण हिशेब चुकला की चार्जशीट यंत्राला मिळत नाही, काउंटरवरच्या माणसाला मिळते.

मी मॅट्रिक, पॉइंट्समन म्हणून लागलो. संगणकशास्त्र मला कळत नाही, पॅनल कळते. स्टेशन मास्तरच्या पॅनलवर रोजच्या कळा मोकळ्या, धोक्याच्या कळा सीलबंद. सिग्नल दिल्यावर गाडी जवळ आली असताना रूट रद्द करायचा, तर तो लगेच सुटत नाही. १२० सेकंद थांबावे लागते आणि पॅनलवरचा गणक एका आकड्याने पुढे सरकतो. तो आकडा, वेळ व कारण रजिस्टरात लिहायचे. रिले रूमला दोन कुलपे, एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नल खात्याकडे. जाणत्या माणसाचे हात यात बांधलेले नाहीत. अधिकार आहे, फक्त तो गुपचूप वापरता येत नाही.

कार्यालयीन सॉफ्टवेअरात पुष्कळदा याच्या उलट दिसते. पत्ता बदला, पावती छापा, पैसे द्या, प्रत्येक वेळी 'नक्की का?' अशी एकच चौकट. दिवसभर 'हो' दाबणारे बोट संध्याकाळी ती चौकट वाचत नाही. आणि खरी चूक दुरुस्त करायची, तर अधिकारच नाही. एकाने नोंद करावी, दुसऱ्याने पडताळावी, हा टपालातला नियम उत्तमच आहे. पण वरिष्ठ रजेवर, बदली माणूस नाही, समोर पेन्शनरांची रांग. मग पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवला जातो. एका कार्यालयात हे मी स्वतः पाहिले आहे. कर्मचाऱ्याचे चुकले, हे मी मान्य करतो. पण जागा रिकामी ठेवणाऱ्याला जाब कोण विचारणार?

आणि बंधने फक्त काउंटरवाल्यावरच का? ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून फुजित्सूची होरायझन प्रणाली आली. तिने दाखवलेल्या खोट्या तुटीपायी नऊशेहून अधिक सबपोस्टमास्तर दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. कंपनीची माणसे दुरून शाखेच्या हिशेबात हात घालू शकत होती. खाते मात्र वर्षानुवर्षे नाही म्हणत राहिले. २०१९ मध्ये न्यायालयात ते उघडे पडले आणि २०२४ मध्ये कायदा करून त्या शिक्षा रद्द झाल्या.

आपल्याकडे २ जून २०२३ ला बहानगा बाजारला २९० हून अधिक माणसे गेली. तिथे पॅनल मेन लाइन दाखवत होते आणि पॉइंट लूपकडे लागलेला होता. चूक आतल्या वायरिंगमध्ये, पूर्वीच्या कामात राहिलेली. पॅनलसमोर बसलेल्याला ती दिसणार कशी?

म्हणून आपली मागणी अशी, की अनुभवी कर्मचाऱ्याला दुरुस्तीचा अधिकार द्या, त्यावर गणक व नोंद ठेवा. कंपनीचा तज्ज्ञ आत शिरला तर त्याचीही नोंद व्हावी आणि ती काउंटरवरच्या माणसाला वाचता यावी. त्या नोंदीची प्रत दिल्याशिवाय चार्जशीट नको. नवी प्रणाली लावण्याआधी ती रोज वापरणाऱ्यांना दाखवा, फक्त अधिकाऱ्यांना नको.

शाखांनी आपापल्या काउंटरवरची उदाहरणे तारखेसह लिहून पाठवावीत. पासवर्ड मात्र पत्रात लिहू नका.