साहेबाचा ‘र’

साहेबाचे इंग्रजी एकच आणि तेच शुद्ध, अशी आपल्या मध्यमवर्गाची एक जुनी श्रद्धा आहे. मुलाने ‘कार’मधला ‘र’ गिळला की आईचा ऊर भरून येतो. गावाकडच्या मास्तरांनी तोच ‘र’ खणखणीत उच्चारला की ते मूल फिदीफिदी हसते. सणाचा दिवस आहे, फराळाचे ताट पुढे आहे, तरीही या श्रद्धेच्या बुडाखालचा पाट मला आज ओढून घ्यायचा आहे. त्याबद्दल वाचकांनी रागावू नये. रागवायचेच असेल तर चकली संपल्यावर रागवावे.

१९७९ साली मी लीड्‌सला शिकायला गेलो. पहिल्याच आठवड्यात कर्कगेटच्या मंडईत शिरलो आणि फाटक शोधत बसलो. फाटक नव्हतेच. तेथे ‘गेट’ म्हणजे रस्ता! डेन्मार्ककडच्या दर्यावर्दी लढवय्यांनी ८६६ साली यॉर्क जिंकले आणि पुढे त्या मुलखात संसार थाटले. त्यांच्या बोलीत ‘गाता’ म्हणजे रस्ता आणि ‘किर्क’ म्हणजे देऊळ. देवळाचा रस्ता! हजार वर्षे उलटली, राज्ये गेली, पण शब्द पाटीवर राहिला. मंडईतल्या एका आडदांड मासळीवाल्याने मला ‘लव्ह’ अशी हाक मारली तेव्हा मात्र मी दोन पावले मागे सरलो. मागाहून कळले, की तिकडे पुरुष पुरुषालाही असे म्हणतो. आपल्या ‘बाबा रे’हून त्यात अधिक काही नाही.

माझ्या घरमालकीणबाईंच्या वृद्ध आई आमच्याबरोबरच राहत. पोरे खेळायला गेली, हे सांगताना त्या ‘लेकिंग’ला गेली म्हणत. हाही शब्द त्या दर्यावर्द्यांचाच. स्वीडनमध्ये आजही खेळण्याला ‘लेका’च म्हणतात. ‘बस’ला त्या ‘बुस’ म्हणत, ‘बटर’ला ‘बुटर’. माझ्या वर्गातला लंडनकडचा एक विद्यार्थी याची नक्कल करून हशा पिकवी. तो बिचारा जाणत नव्हता, की हा ‘उ’च जुना आहे. सतराव्या शतकापर्यंत लंडनही तसेच बोलत होते. दक्षिणेने तो सोडला, उत्तरेने जपला. ‘र’ची कथा हीच. शेक्सपिअरच्या काळी लंडनचे लोक ‘र’ स्वच्छ उच्चारीत. स्कॉटलंडात, आयर्लंडात आणि सॉमरसेट-डेव्हनकडच्या जुन्या बोलीत तो टिकला. आमच्या मास्तरांचा ‘र’ हा तर शेक्सपिअरच्या पंक्तीला बसणारा!

आता ‘शुद्ध’ या शब्दाची झडती घेऊ. ‘बाथ’, ‘ग्लास’ असा लांब ‘आ’ ही आज खानदानी बोलण्याची खूण समजली जाते; उत्तरेकडचा माणूस तेथे आखूड स्वर लावतो म्हणून तो अडाणी. १७९१ साली जॉन वॉकर यांचा उच्चारकोश निघाला. त्यांच्या मते असल्या कित्येक शब्दांतला तो लांब ‘आ’ जवळजवळ गावंढळच होता! म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचे गावंढळ ते आज खानदानी, आणि त्या वेळचे सभ्य ते आज गावंढळ. शुद्धता ही काय चीज आहे, ते यावरून ओळखावे. १९१७ साली डॅनियल जोन्स यांनी उच्चारकोश केला. त्यासाठी नमुना घेतला तो महागड्या निवासी शाळांत शिकलेल्या दक्षिणेकडील घराण्यांचा. (या खासगी शाळांना तिकडे ‘पब्लिक’ म्हणतात. विनोदबुद्धी साहेबालाच असावी!) असा उच्चार करणारे शंभरात जेमतेम तीन, असा अंदाज पीटर ट्रडगिल यांनी १९७४ साली मांडला. तिघांनी सत्त्याण्णवांना अशुद्ध ठरवायचे, आणि सत्त्याण्णवांनी मान खाली घालायची!

कोणी म्हणेल, देशाला एक भाषा नको काय? हवी. लिहिण्यासाठी जरूर हवी, आणि ती आहेच. पण पाव मागायला एक उच्चार कशाला हवा? त्या एवढ्याशा पावाला मँचेस्टरात ‘बार्म’, नॉटिंगहॅमात ‘कॉब’, कॉव्हेंट्रीत ‘बॅच’, स्कॉटलंडात ‘बॅप’ म्हणतात आणि कोणी उपाशी राहत नाही. आपल्या करंजीला गोव्यात नेवरी म्हणतात म्हणून तिच्यातले सारण का बिघडते?

आणि बोली ही अडाण्यांची असते म्हणणाऱ्यांनी जोसेफ राइट यांचे चरित्र वाचावे. १८५५ साली ब्रॅडफर्डजवळ जन्मलेला हा पोर सहाव्या वर्षी खाणीवर गाढवाची गाडी हाकीत होता. पुढे गिरणीत लागला. पंधरा वर्षांचा होईतो त्याला वाचता येत नव्हते. तोच पुढे हायडेलबर्गला जाऊन डॉक्टर झाला, १९०१ साली ऑक्सफर्डला तुलनात्मक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश संपादून प्रसिद्ध केला. आपल्या गावच्या बोलीचे व्याकरण त्याने त्याआधीच लिहिले होते. ज्या बोलीची लाज धरायची, तिच्यापासूनच त्याच्या पांडित्याला सुरुवात झाली.

पण अशा माणसाला डोक्यावर घेऊनही समाज सुधारतो असे नाही. १९४१ साली, ऐन युद्धात, हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बी.बी.सी.ने बातम्या वाचायला बसवले. ते यॉर्कशरच्या वळणाने ‘गुड नीट’ म्हणून निरोप घेत. तक्रारींचा पाऊस पडला! बॉम्ब पडत असताना लोकांना त्या ‘नीट’चे दुःख होत होते. आज तो काळ सरला, आता सर्व तऱ्हेचे आवाज ऐकू येतात, असे सांगतात. ऐकू येतात, हे खरे. पण २०२२ साली लंडनच्या अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा उच्चारांची उतरंड जवळपास जुनीच निघाली: वर खानदानी उच्चार, आणि तळाशी बर्मिंगहॅम, लिव्हरपूल यांसारख्या कामगारांच्या शहरांचे. माणूस काय बोलतो ते ऐकण्यापूर्वीच तो कोणाच्या पोटी जन्मला, हे त्याच्या स्वरांवरून हुडकून काढणारे कान तिकडे अजून शाबूत आहेत.

त्या कानांचा प्रताप मी आमच्याच घरी पाहिला. घरमालकीणबाईंची मुलगी हुशार होती. एका कचेरीत ती मुलाखतीला गेली. काम उत्तम जमेल, पण टेलिफोनवर हे बोलणे चालायचे नाही, असे तिला हसत हसत सांगण्यात आले. ती रडली नाही. संध्याकाळचा एक वर्ग तिने धरला आणि आरशापुढे उभी राहून लांब ‘आ’ घोटू लागली. पाच-सहा महिन्यांनी दुसरीकडे नोकरी लागली. त्या रविवारी घरात गोडधोड झाले. आजीबाई म्हणाल्या, “जरा बुटर दे गं.” मुलगी चटकन म्हणाली, “बटर, आजी. बटर.”

कोणी काही बोलले नाही. घरमालकीणबाईंनी लोणी पुढे सरकवले. मात्र त्यानंतर मुलगी जेवायला असली की आजीबाई लोण्याच्या बशीकडे नुसते बोट दाखवीत.