सिम एक, माणसं चार

पूर्वी पनवेलचं माणूस परदेशी निघालं की जीप ठरवून आठ-दहा जण त्याला सहारला पोचवायला जायचे. आता विमानतळच आमच्या उशाशी आलाय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली, आणि परदेशाच्या सहलींच्या गप्पा भाजीबाजारातही ऐकू येऊ लागल्या. पाच दिवस थायलंड, सहा दिवस दुबई, दहा दिवसांत अख्खं युरोप!

सहलीची यादी करण्यात आपला हात कोण धरणार? चिवडा, दशम्या, मेतकूट, सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे स्वेटर, सगळं आठवणीने लिहिलेलं असतं. राहतो तो फोन. तिथे फोन कसा चालणार हा प्रश्न निघायच्या आदल्या दिवशी आठवतो, आणि मग बहुतेक घरांत एकच निर्णय होतो : “ह्यांच्या फोनात एक सिम घेऊ, बाकीच्यांना त्यातूनच इंटरनेट देऊ.”

मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वी सिंगापूरला जाताना आम्हीही हेच केलं, आणि ते मला चांगलंच भोवलं.

आम्ही चौघं होतो. हे, मी, सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक. विमानतळावर उतरल्यावर ह्यांनी तिथलं एक सिम घेतलं. ह्यांच्या फोनात सिमची जागा एकच, म्हणून आपलं काढून तिथलं घातलं. विक्रेत्याने विचारलं, “मॅडमसाठी?” तर मीच म्हटलं, “कशाला? आम्ही बरोबरच असणार!” सात-आठशे रुपये वाचवले म्हणून वर समाधान.

तिसऱ्या दिवशी सेरंगून रोडजवळच्या एका भल्यामोठ्या, अनेक मजली दुकानात शिरलो. ही मंडळी चॉकलेटांपाशी थांबली आणि मी वाटायला म्हणून बामच्या डब्या घ्यायला पलीकडे गेले. परत वळले तर जिना भलताच. बाहेर पडले तर दारही भलतंच. फोन काढला, तर ह्यांच्यापासून लांब आल्यामुळे इंटरनेट गेलेलं. दुकानाचं फुकटचं वायफाय दिसत होतं, पण ते म्हणे मोबाइलवर आलेला आकडा भरा. आकडा यायचा माझ्या पनवेलच्या नंबरावर, आणि त्याचं रोमिंग मी सुरूच केलं नव्हतं!

रस्त्याकडेला एक तमिळ बाई फुलांच्या माळा विकत होती. माझा चेहरा पाहून तिने आपला फोन पुढे केला. पण फोन लावायचा कुणाला? बारा वर्षांच्या संसारात ह्यांचा नंबर मला तोंडपाठ नव्हता. तोंडपाठ होता तो एकच, पेणच्या माहेरचा जुना घरचा फोन. तिथे संध्याकाळचे साडेचार, म्हणजे आपल्याकडे दुपारचे दोन. आई नुकती आडवी झालेली. तिने फोन उचलून ऐकलं मात्र, आणि धसकाच घेतला. दादाने ह्यांच्या नेहमीच्या नंबरावर फोन केला, तर तो बंद. बंदच असणार, सिम काढून ठेवलं होतं ना! मग त्याला व्हॉट्सअ‍ॅप सुचलं, तेव्हा कुठे ह्यांच्यापर्यंत निरोप गेला. हाकेच्या अंतरावर असलेल्या दोन माणसांचा निरोप सिंगापूरहून पेणला आणि पेणहून पुन्हा सिंगापूरला! पाऊण तासाने भेटलो, तेव्हा लेक रडून रडून थकली होती आणि सासूबाईंचा रक्तदाब सांगायलाच नको.

रात्री हे म्हणाले, “अहो, तुम्ही तरी नको कशाला म्हणालात?” मला उत्तर देता आलं नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात बसली आहे. घरात काटकसर करायची वेळ आली की ती आपण नेहमी आपल्याच ताटातून का सुरू करतो? सिम माणशी एक घ्यावं असं मी म्हणत नाही. लेक एकटी कुठे जाणार नव्हती, सासूबाईही नाहीत. त्यांना ह्यांच्या फोनातलं इंटरनेट पुरेसं होतं. पण जे माणूस घटकाभर का होईना वेगळ्या वाटेने जाणार, त्याच्याजवळ स्वतःचा चालू फोन हवाच. आम्हाला सिम चार नको होती, दोन हवी होती.

आता ते कोणतं घ्यायचं, हे नीट पाहू.

आधी आपला फोन पाहा

फोनात सिमच्या जागा दोन असतील तर उत्तमच. एकात आपलं राहतं, दुसऱ्यात तिथलं बसतं. दुसरं म्हणजे ई-सिम. हे कार्ड हातात मिळत नाही, फोनातच भरलं जातं. आपल्या फोनात ही सोय आहे का हे बघायला *#०६# दाबा. येणाऱ्या आकड्यांत ‘ईआयडी’ असं दिसलं तर आहे.

फोन हप्त्यावर किंवा परदेशातून आलेला असेल तर तो एकाच कंपनीला बांधलेला तर नाही ना, याची खात्री करा. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहिलं की लगेच कळतं. अमेरिकेतून भाचा आयफोन आणणार असेल तर आणखी एक : २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीपासून तिथल्या आयफोनला कार्ड घालायची खाचच नाही, फक्त ई-सिम चालतं.

आणि सासूबाईंचा बटणांचा फोन? तो सोबत नेऊन उपयोग होईलच असं नाही. सिंगापूरने जुनी टूजी सेवा २०१७ मध्येच बंद केली. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या कंपन्यांनी २०२४ मध्ये आवरली. तिथे फोरजीवरून बोलता येणारा फोनच लागतो.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे आपल्याच कंपनीचा रोमिंगचा पॅक. नंबर तोच राहतो, काही काढाघालायला नको, घरच्यांना नवा नंबर कळवायला नको. तीन-चार दिवसांच्या सहलीला आणि एकापाठोपाठ दोन-तीन देश असतील तर हीच वाट सुटसुटीत. पण घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : आपले सगळे देश यादीत आहेत का, दिवस कधीपासून मोजणार, आणि आलेला फोन उचलला तर पैसे पडतात का. परदेशात आलेला फोनही फुकट नसतो, हे पुष्कळांना बिल आल्यावर कळतं.

दुसरी वाट तिथल्या कंपनीचं पर्यटकांसाठीचं सिम. सिंगापूरला सिंगटेल, स्टारहब, एमवन. थायलंडला एआयएस आणि ट्रू. श्रीलंकेत डायलॉग आणि मोबिटेल. नेपाळात एनसेल आणि नेपाळ टेलिकॉम. यात इंटरनेट भरपूर मिळतं, आणि टॅक्सीवाल्याला किंवा हॉटेलला लावायला तिथला नंबरही मिळतो. आठ-पंधरा दिवस एकाच देशात राहायचं असेल तर सहसा हेच परवडतं. पासपोर्ट मात्र दाखवावा लागतो. सहलीच्या बसची घाई असेल तर विमानतळावरची रांग अंगावर येते, तेव्हा सहलीच्या व्यवस्थापकाला आधी विचारून ठेवा. सिम हातात आलं की तिथेच उभं राहून एक फोन लावून बघा. दुकान सोडल्यावर तक्रार करायची कुणाकडे?

तिसरी वाट ई-सिमची. घरबसल्या विकत घ्यायचं, चौकटीतलं चित्र फोनने टिपायचं आणि उतरल्यावर चालू करायचं. मात्र बरीचशी ई-सिमं नुसती इंटरनेटची असतात. त्यांना बोलायचा नंबर नसतो. शिवाय ती भरताना वायफाय लागतं, म्हणून हे काम घरीच उरकावं. विक्रेता पारखून घ्या. २०२४ च्या जानेवारीत आपल्या दूरसंचार विभागाने परवानगी नसलेल्या दोन परदेशी विक्रेत्यांची अ‍ॅप भारतात बंद करायला लावली होती. आणि “तुमचं सिम ई-सिम करून देतो, आलेला आकडा सांगा” असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. त्या आकड्याने तुमचा नंबरच दुसऱ्याच्या हाती जातो, आणि नंबरामागून बँकेतले पैसे.

देशादेशांतली गंमत

‘युरोपचं सिम’ म्हटलं की आपल्याला वाटतं सगळ्या युरोपात चालेल. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून संघातल्या देशांत वेगळा रोमिंग आकार बंद केला, हे खरं. म्हणून पॅरिसला घेतलेलं सिम रोमला चालतं. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, आणि ब्रिटनही बाहेर पडला. आपल्या सहलींत तर बर्फाचे डोंगर आणि लंडन ही दोन्ही असतातच! काही कंपन्या हे दोन देश आपणहून धरतात, काही धरत नाहीत. पाकिटावर दोन्ही नावं शोधा, मगच पैसे द्या.

दुबई-अबूधाबीला निराळंच. तिथे इंटरनेटवरून बोलायला परवानगी असलेली ठरावीक अ‍ॅपच चालतात. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातात, फोटो जातात, पण बोलणं बहुधा लागत नाही. आई रोज रात्री व्हिडिओवर नातवाला बघायला बसत असेल, तर तिला आधीच सांगून ठेवा. नाहीतर इकडे जीव टांगणीला.

क्रूझचा बेत असेल तर जहाज बंदर सोडण्यापूर्वी फोन विमानाच्या स्थितीत टाका. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रहाच्या जाळ्याला लागतो आणि त्याचे दर भलतेच असतात. बहुतेक पॅकांत ते धरलेले नसतात.

आपला नंबर जिवंत ठेवा

माझी खरी चूक इथे झाली. कार्डाने पैसे देताना बँकेचा आकडा येतो तो आपल्या भारतीय नंबरावरच. म्हणून दोन जागांचा फोन असेल तर आपलं सिम काढू नका. निघण्यापूर्वी त्याची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे असेल असं रिचार्ज करा आणि रोमिंगची सोय सुरू करून घ्या. फोनात मात्र त्या सिमचं ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवा आणि इंटरनेट तिथल्या सिमवरून घ्या. आलेल्या एसएमएसला बहुधा पैसे पडत नाहीत, तरी आपल्या कंपनीला एकदा विचारा. हे काम देशातच करायचं असतं, परदेशी पोचल्यावर फार जड जातं.

सिम बदललं म्हणून व्हॉट्सअ‍ॅप बदलत नाही. ते जुन्या नंबरावरच चालतं. ‘नंबर बदलायचा का’ असं फोनने विचारलं तर ‘नाही’ म्हणा.

इंटरनेट किती लागेल?

आपला चहा-साखरेचा महिन्याचा हिशेब जसा मागच्या महिन्यावरून बसतो, तसाच हाही. फोनाच्या सेटिंगमध्ये गेल्या आठवड्यात किती इंटरनेट खर्च झालं ते दिसतं. घरी वायफाय असेल तर तोही आकडा बघा, आणि त्यात थोडी भर घाला. फोटो आपोआप साठवायला पाठवणं बंद करा, व्हिडिओ रात्री हॉटेलच्या वायफायवर पाठवा. ‘अमर्याद’ या शब्दाला भुलू नका. ठरावीक जीबी संपले की वेग गोगलगाईचा होतो. तो आकडा बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेला असतोच.

आदल्या रात्री

फोनाची सुई सापडत नसेल तर कानातल्या बारीक फुलाची दांडी छान चालते. काढलेलं आपलं सिम टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटात घालून पासपोर्टाबरोबर ठेवा. रुमालात बांधलं की ते धुण्यात गेलंच म्हणून समजा. तिथलं सिम आपल्या पासपोर्टावर घेतलेलं असतं, तेव्हा येताना ते कुणाला वापरायला देऊ नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एक कागद. त्यावर घरातल्या सगळ्यांचे नंबर मागे अधिक एक्क्याण्णव लावून, सहलीच्या व्यवस्थापकाचा नंबर आणि हॉटेलचा पत्ता लिहा. एक प्रत तुमच्या पर्समध्ये, एक सासूबाईंच्या बटव्यात, एक लेकराच्या खिशात. फोनाची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

त्या फुलवालीने पैसे घेतले नाहीत. मी तिच्याकडून एक मोगऱ्याची माळ घेतली, तेवढंच. ह्यांचा नंबर मात्र त्याच रात्री पाठ केला, आणि लेकीलाही पाढ्यांबरोबर म्हणायला लावते. येत्या मे महिन्यात नेपाळला जायचा बेत आहे. यादीच्या अगदी वर लिहिलंय : सिम दोन, एक ह्यांचं, एक माझं. चिवडा त्याच्याखाली.