कपातीला कपात म्हणा

नोकरकपातीची नोटीस मालक कधीच सरळ भाषेत लिहीत नाही. तिच्यात 'पुनर्रचना' असते, 'सुसूत्रीकरण' असते, 'काळाची गरज' असते. कामगाराच्या पोटावर पाय आला, एवढेच काय ते तिच्यात नसते. वकिली करताना असे कागद आम्ही पुष्कळ वाचले आहेत. म्हणूनच जनतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रसारण संस्था हीच भाषा बोलू लागतात, तेव्हा आम्ही सावध होतो.

ब्रिटनच्या बीबीसीचे उदाहरण घ्या. तिचे पहिले स्थानिक रेडिओ केंद्र ८ नोव्हेंबर १९६७ रोजी लेस्टर शहरात सुरू झाले. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा 'आमच्या शहरात येऊ नका' अशी जाहिरात याच लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातील वर्तमानपत्रात दिली होती. तरीही हजारो लोक आले. त्याच दशकात लेस्टरच्या रेडिओवर आशियाई श्रोत्यांसाठी कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून पुढे बीबीसीचे एशियन नेटवर्क उभे राहिले. ज्यांना शहराने दार लावून घेतले, त्यांना स्थानिक रेडिओने आवाज दिला. स्थानिक रेडिओचे मोल हे आहे.

आता कपातीची भाषा पाहा. २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने बीबीसीचे परवाना शुल्क गोठवले. ऑक्टोबर २०११ मध्ये बीबीसीने सुमारे २,००० नोकऱ्या कमी करणारी आणि स्थानिक रेडिओलाही कात्री लावणारी योजना जाहीर केली. तिचे नाव काय? 'डिलिव्हरिंग क्वालिटी फर्स्ट', म्हणजे आधी गुणवत्ता! पण श्रोत्यांनी या नावाकडे पाहिले नाही, कात्रीकडे पाहिले. हरकतींचा पाऊस पडला आणि जानेवारी २०१२ मध्ये स्थानिक रेडिओवरील कपात बीबीसीला सौम्य करावी लागली.

जानेवारी २०२२ मध्ये सरकारने परवाना शुल्क पुन्हा दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला बीबीसीने इंग्लंडमधील ३९ स्थानिक केंद्रांसाठी नवी योजना मांडली. सोमवार ते शुक्रवार दुपारी दोनपर्यंत प्रत्येक केंद्राचा स्वतःचा कार्यक्रम. त्यानंतर आणि शनिवार-रविवारचा बराच वेळ अनेक केंद्रांचा मिळून एकच कार्यक्रम. रात्री दहानंतर तर बहुतेक दिवशी साऱ्या इंग्लंडला एकच. ही कपात नाही, पैसा प्रसारणाकडून ऑनलाइन सेवेकडे वळवत आहोत, असे बीबीसीचे म्हणणे. हे अगदीच खोटे नाही. सुमारे १ कोटी ९० लाख पौंड तिकडे वळवायचे होते आणि शोधपत्रकारितेची ११ पथकेही उभी करायची होती. पण ज्या म्हाताऱ्या माणसाचा सोबती रेडिओच आहे, ज्याच्या हातात स्मार्टफोन नाही, त्याच्यासाठी 'वळवणे' आणि 'काढून घेणे' यात फरक तो काय? तेथील पत्रकारांना हे बरोबर कळले. मार्च आणि जून २०२३ मध्ये त्यांनी संप केला.

या गोड भाषेचे दोन गुन्हे आहेत. पहिला, ती श्रोत्याचे नुकसान झाकते. दुसरा, ती सरकारचा हात झाकते. पैसा कोणी गोठवला हे स्पष्ट सांगण्याऐवजी संस्था तंत्रज्ञानाकडे बोट दाखवते. मग माणसाने भांडायचे कोणाशी? तंत्रज्ञानाशी?

हे फक्त साहेबाच्या देशात घडते असे समजू नका. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. कारण दिले मनुष्यबळाच्या कमतरतेचे. पदे भरायची नाहीत आणि मग माणसे नाहीत म्हणून विभाग हलवायचा, हा कोणता न्याय? लोकांनी ओरड केली तेव्हा निर्णयाला स्थगिती मिळाली.

आमच्या चळवळीने हा प्रश्न आपला का मानावा? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच आकाशवाणीवरून सांगितले होते की, आपली स्वातंत्र्य, समता, बंधुता फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून आली आहे. प्रसार भारती कायदा, १९९० चे कलम १२ वाचा. सामाजिक न्यायाचा प्रसार आणि शोषण, विषमता, अस्पृश्यता यांच्याशी मुकाबला करणे हे त्यात या संस्थेचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितले. मालमत्ता जनतेची असेल, तर ती आवरती घेताना मालकाला विचारायला नको काय?

पैसा कमी पडू शकतो, हे आम्हाला मान्य आहे. पण भाड्याची खोली रिकामी करून घ्यायची तरी कायदा नोटीस मागतो, कारण मागतो, सुनावणी मागतो. स्थानिक केंद्राला तेवढे तरी द्या. कोणता कार्यक्रम जाणार, कोणाचा जाणार, किती पैसा वाचणार आणि तो कुठे जाणार, हे त्या केंद्राच्या श्रोत्यांना त्यांच्या भाषेत, त्याच रेडिओवरून आधी सांगा. त्यांचे ऐका आणि मग ठरवा. लेस्टर असो की पुणे, ज्यांच्या तोंडचा आवाज काढून घ्यायचा आहे, निदान त्यांना तरी कपातीला कपात म्हणा.

आणि आपण? पुढच्या वेळी 'आधुनिकीकरण' हा शब्द कानावर पडला, की टाळ्या वाजवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: यात बंद काय होणार आहे? उत्तर मिळेपर्यंत हा प्रश्न सोडायचा नाही.