वजन तेच, पृष्ठ निराळे

सुरतेहून येणाऱ्या बारीक हिऱ्यांची मजुरी दर कॅरटामागे मोठ्या नगांहून इतकी चढी का, ही तक्रार सराफ बंधूंकडून वारंवार आमच्या दप्तरी दाखल होते. तिचे मूळ कारखानदाराच्या लोभापेक्षा घनाकृतींच्या एका अटळ नियमात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक कॅरटाचा, म्हणजे २०० मिलिग्रॅमचा, सुबक घाटाचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर व्यासाचा भरतो. त्याच घाटाचा एक सेंटाचा नग वजनात शंभरावा हिस्सा असला, तरी त्याचा व्यास सुमारे १.४ मिलिमीटर राहतो. कारण वजन व्यासाच्या घनाने घटते आणि पृष्ठफळ वर्गाने. म्हणूनच असे शंभर नग एकत्र तोलले तर काटा एकच कॅरट दाखवितो, परंतु घंटीवरच्या, म्हणजे हिरे घासण्याच्या यंत्रावरच्या, फिरत्या चकतीवर, तेल आणि हिऱ्याच्या भुकटीच्या लेपात, घासून उजळावयाचे पृष्ठ साडेचारपटींहून अधिक होते. आणि प्रत्येक नगास ५७ पैलू पाडावयाचे, तर ५७ च्या जागी ५,७०० पैलू कारागिरास भिंगाखाली तपासावे लागतात. हिऱ्यास तेलकटपणा सहज चिकटतो आणि तो पृष्ठावरच बसतो, तेव्हा बारीक मालाच्या धुलाईतली हयगय वजनातही अधिक भोवते.

हे ज्ञान आपणांस परके नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त गोलाचे पृष्ठफळ व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ येते, असे सांगितले, अर्थात व्यास निम्मा झाला की तेवढ्याच घनफळामागे पृष्ठ दुप्पट. त्यांच्या पौत्राचा शिलालेख चाळीसगावाजवळील पाटण येथे आहे, आणि त्याच खानदेशातून असंख्य कुटुंबे तापीच्या काठाकाठाने पोटापाण्यासाठी सुरतेस गेली.

घाट सारखा असेल तरच हा हिशेब तंतोतंत लागू पडतो. चपट्या किंवा फाजील खोल नगांस तो जसाच्या तसा लावू नये.

तेव्हा व्यावसायिक बंधूंस आमची आग्रहाची विनंती अशी, की मालाच्या याद्यांत कॅरटाच्या रकान्याशेजारी नगसंख्या व व्यास यांचेही रकाने ठेवावेत, आणि मजुरीची घासाघीस करण्यापूर्वी ते वाचावेत. बारीक हिऱ्यावरील श्रम केवळ वजनाने मोजणे कारागिरावर अन्यायाचे आहे.